पलंगाच्या उशाशी उभा विद्यार्थी : एका मेंटॉरशिपचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण खानदेशातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील आहे. विद्यार्थी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होता. मी मेडिसिन विभागात सहयोगी प्राध्यापक होते आणि महाविद्यालयाच्या यादीनुसार त्याची मेंटॉर होते. त्याचे नाव, पाडा आणि बॅच येथे दिलेली नाही, आणि रुग्णाची ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. मजकुराचा खर्डा त्याने वाचला, दोन परिच्छेदांवर काट मारली, आणि ते दोन्ही परिच्छेद मी काढले. स्वतःविषयीचा एक तपशील मात्र त्याने मुद्दाम राहू द्यायला सांगितला. तो पुढे योग्य ठिकाणी येईल.

पार्श्वभूमी

२०१९ च्या बॅचपासून देशभर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यासोबत पहिल्या वर्षाच्या सुरुवातीचा फाउंडेशन कोर्स, वृत्ती-नीतिमूल्ये-संवाद यांवरचे एटकॉमचे तास आणि लॉगबुके आली, आणि मेंटॉर-मेंटी ही रचनाही बहुतेक ठिकाणी कागदावर रुजली. प्रत्यक्षात तिचे स्वरूप असे असते की वर्षाच्या सुरुवातीला कार्यालयाकडून चार-पाच नावांची यादी येते, शिक्षक मुलांना एकदा केबिनमध्ये बोलावतात, एका फॉर्मवर सह्या होतात, आणि पुढची भेट हजेरी कमी पडली की होते. माझ्याकडे आलेल्या यादीत नाव, रोल नंबर, मोबाइल आणि प्रवर्ग असे चार रकाने होते. प्रवर्गाचा रकाना मेंटॉरला कशासाठी हवा, हे मी त्या वेळी विचारले नाही. मी त्याच्यावर पट्टी ठेवली, आणि आपण फार न्यायाने वागलो असे समाधान मानले.

विद्यार्थी नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याच्या डोंगराळ भागातला, पावरा समाजाचा. नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला जिल्हा; २०११ च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्याच्या घरची भाषा पावरी. मराठी त्याला आश्रमशाळेत मिळाली, आणि इंग्रजी खऱ्या अर्थाने एमबीबीएसच्या पहिल्या वर्षीच अंगावर आली. पहिले वर्ष तो एका प्रयत्नात पास झाला होता, ही गोष्ट मी नोंदवून ठेवते, कारण पुढे जे घडले त्याचे खापर ‘पाया कच्चा’ या शब्दांवर फोडण्याचा मोह विभागात अनेकांना झाला आणि काही दिवस मलाही झाला.

आमच्या वॉर्डाची भाषिक घडण बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. केस शीट इंग्रजीत लिहिली जाते, राउंड मराठी-इंग्रजीच्या मिश्रणात होतो, सिस्टर आणि मावश्या रुग्णांशी अहिराणीत बोलतात, यावल-रावेरकडचे नातेवाईक लेवा बोलीत उत्तर देतात, आणि सातपुड्यातून उतरून आलेली बाई यांपैकी एकही भाषा न बोलता पलंगावर पडून असते. तिच्यासोबतच्या पुरुषाला थोडी बाजारापुरती मराठी येत असेल तर हिस्टरी होते, नाहीतर ‘हिस्टरी’, म्हणजे आजाराची पूर्वकथा, ‘उपलब्ध नाही’ असे लिहून आपण पुढच्या पलंगाकडे वळतो.

पहिली भेट

पहिल्या भेटीत मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, “माझ्यासाठी सगळे विद्यार्थी सारखे.” दुसरी माझी स्वतःची गोष्ट. मी अमळनेर तालुक्यातली, घरात अहिराणी. नव्वदच्या दशकात पुण्याला शिकायला गेले तेव्हा एका रुग्णाची तक्रार सांगताना माझ्या तोंडून “पोट दुखस” असे निघून गेले, आणि त्यानंतर वर्षभर मेसमध्ये कोणी ना कोणी “आज काय दुखस?” असे विचारत असे. मी अहिराणी बोलणेच सोडले. त्याला म्हटले, “मीही यातून गेले आहे, तुला काय वाटत असेल ते मला कळते.”

तो “हो मॅडम” म्हणाला. पुढच्या तीन भेटींत तो यापलीकडे काहीही बोलला नाही, आणि मी फॉर्मवर ‘लाजाळू, पण प्रामाणिक’ असे लिहिले.

आज त्या दोन्ही वाक्यांकडे पाहताना दुसरे मला जास्त खटकते. ‘सगळे सारखे’ हे निदान सभ्य अज्ञान होते. दुसऱ्या वाक्यात मी माझा अनुभव त्याच्या अनुभवाच्या मापाचा असल्याचे परस्पर ठरवून टाकले. माझ्या बोलीला लोक हसले हे खरे आहे, पण माझे आडनाव हजेरीत वाचले गेले की कोणी मागे वळून पाहत नव्हते, हॉस्टेलमध्ये “नीटला किती?” या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाने माझा प्रवर्ग चाचपण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि एखादा विषय राहिला असता तर तो माझ्या एकटीच्या नावावर राहिला असता, संपूर्ण समाजाच्या नावावर नव्हे. साम्य दाखवून जवळीक साधता येते हे मेंटॉरशिपच्या प्रशिक्षणात शिकवले जाते. साम्याचे माप चुकले तर समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही, कारण त्याचे बोलून झाले आहे असे आपण आधीच जाहीर केलेले असते.

वॉर्डातली सकाळ

त्याच्या मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये, म्हणजे विभागातल्या ठरावीक काळाच्या प्रशिक्षणात, एका सकाळी सातपुड्यातली एक तरुण मुलगी रात्री भरती झालेली होती. वय विशीच्या आत. हाडे आणि पाठ प्रचंड दुखत होती, अंगात थोडा ताप होता, डोळे पिवळसर होते. रेसिडेंटने शीटवर ‘सर्वांगदुखी’ आणि खाली ‘हिस्टरी विश्वासार्ह नाही’ असे लिहिले होते. बेडसाइड क्लिनिकसाठी बारा विद्यार्थी पलंगाभोवती होते. कोणीतरी म्हणाले, “मॅडम, हा बोलतो ना यांची भाषा.” मी त्याला पुढे बोलावले आणि पलंगाच्या उशाशी उभे केले.

पुढची वीस मिनिटे त्याने जी हिस्टरी काढली तितकी चांगली हिस्टरी त्या महिन्यात त्या वॉर्डात कोणी काढली नव्हती. दुखणे पहिल्यांदाच आले नव्हते. लहानपणापासून, विशेषतः थंडीत आणि रोपणीच्या दिवसांत पाण्यात उभे राहिल्यावर ते येत होते. लहानपणी हातापायांची बोटे सुजत असत. एक भाऊ लहान असताना ताप येऊन दगावला होता. आई-वडील दोघेही दिसायला धडधाकट होते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची ही जवळपास पाठ्यपुस्तकातली मांडणी होती. बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि वाहक बहुधा निरोगी दिसतात. हे सारे मी तिथे उभी राहून शिकवले. तो मात्र ते ऐकत नव्हता, कारण त्याच वेळी तो त्या मुलीला पाणी पीत राहा असे सांगत होता आणि तिच्या आईला तिच्या प्रश्नांची उत्तरे देत होता.

मग मी पोट तपासण्यासाठी पदर बाजूला करायला सांगितले. डाव्या बरगड्यांखाली जुन्या भाजल्याच्या तीन-चार आडव्या खुणा होत्या. डाम दिल्याच्या, म्हणजे उपचार म्हणून चटके दिल्याच्या. विद्यार्थ्यांमध्ये कुजबुज झाली, एक जण हसला. आणि मी, राउंड रंजक करण्याच्या सवयीने, त्याच्याकडे पाहून विचारले, “काय रे, तुमच्याकडे अजून असले चालते का?”

तो म्हणाला, “चालते मॅडम.” मग, कोणी विचारले नसताना, हळू आवाजात म्हणाला, “जिथे गाठ हाताला लागते तिथेच बडवा देतो.” बडवा म्हणजे पाड्यावर उपचार करणारा भगत.

हे वाक्य त्या सकाळचे सर्वांत मोलाचे क्लिनिकल वाक्य होते आणि मी ते ऐकले नाही. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सिकलसेलच्या मोठ्या रुग्णाची प्लीहा (पानथरी) वारंवार रक्तपुरवठा तुटून आक्रसलेली असते, त्यामुळे ती हाताला लागत नाही असे लिहिलेले असते. भारतात जो अरब-भारतीय हॅप्लोटाइप (या जनुकाचा आनुवंशिक प्रकार) आढळतो त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त टिकते, आणि प्लीहा पुष्कळदा किशोरवयापर्यंत, कधी प्रौढपणीही, वाढलेलीच राहते. रात्रीच्या रेसिडेंटने पुस्तकातले वाक्य आठवून ती शोधलीच नव्हती. तिच्या पोटावरचा डाम सांगत होता की काही वर्षांपूर्वी कोणाच्या तरी हाताला तिथे काहीतरी लागले होते. उपाय घातक होता, यात शंका नाही. पण ती खूण म्हणजे जागा आणि काळ सांगणारी एक नोंद होती. आमच्या शीटवर त्या जागेची एकही नोंद नव्हती.

मी प्लीहा तपासली. बरगडीखाली चार बोटे वाढलेली होती. त्यानंतर एकेका विद्यार्थ्याने, उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करून, रुग्णाच्या प्रत्येक श्वासाबरोबर हात तिरका वर नेत, ती कड आणि तिच्यावरची खाच चाचपली. मुलीला दुखत होते म्हणून मी सहाव्या विद्यार्थ्यानंतर थांबवले. तो त्या सहांत नव्हता. तो उशाशी होता आणि प्रत्येक नव्या हाताआधी तिला काय होणार ते समजावत होता.

केस शीटवर सुधारित हिस्टरी रेसिडेंटच्या सहीने गेली. दुपारी विद्राव्यता चाचणी सकारात्मक आली, नंतर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी चाचणीने निदान पक्के झाले.

नंतरचे सहा आठवडे

त्या पोस्टिंगच्या शेवटच्या परीक्षेत दुसऱ्या युनिटच्या परीक्षकांनी त्याला प्लीहा तपासून दाखवायला सांगितले. त्याने हात थेट डाव्या बरगडीखाली ठेवला. जिथे मोठी प्लीहा हाताखालून निसटते ती हीच चूक, आणि ती चूक ज्याने एकदाही वाढलेली प्लीहा चाचपलेली नाही त्याच्याकडून हमखास होते. केस इंग्रजीत मांडतानाही तो अडखळला. गुण अगदी काठावर आले. अंतर्गत मूल्यमापनात थिअरी आणि प्रॅक्टिकल मिळून ५० टक्के, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे किमान ४० टक्के नसतील तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि असे काठावरचे गुण साठत गेले की वर्ष जाते.

त्यानंतर तो वॉर्डात कमी दिसू लागला. स्किल्स लॅबमध्ये विद्यार्थी एकमेकांवर पोटाची तपासणी शिकतात, तिथे त्याने झोपून शर्ट वर करायला नकार दिल्याचे मला कळले, आणि मी ते ‘सहकार्य करत नाही’ या सदरात टाकले. मी त्याला बोलावून हजेरीविषयी समज दिली. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्क्यांची अट वाचून दाखवली. तो “हो मॅडम” म्हणाला.

खरे काय चालले होते ते मला त्याच्याकडून कळले नाही. आमच्या एका ज्युनियर रेसिडेंटने राउंड संपल्यावर सहज सांगितले, की त्या बॅचमध्ये त्या मुलाला आता सगळे ‘बडवा’ म्हणतात. “ए बडवा, जरा बघ ना, कुठे डाम द्यायचा?” असे कँटीनमध्ये चालते. मी विचारले, कधीपासून. तो म्हणाला, “तुमच्या त्या सिकलसेलच्या केसपासून.”

वॉर्डात त्या सकाळी झालेल्या गोष्टींपैकी टोपणनावाला आधार देणारी गोष्ट फक्त एक होती, आणि ती मी बोलले होते. हसणारा विद्यार्थी एकटा असता तर ते हसू दोन दिवसांत विरले असते. सहयोगी प्राध्यापकाने ‘तुमच्याकडे’ म्हटल्यावर त्या हसण्याला परवाना मिळाला.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीची दुरुस्ती

पहिली प्रतिक्रिया म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेले. जून महिना होता, १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन येतो, आणि १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेमुळे महाविद्यालयात तपासणी शिबिर आणि व्याख्याने ठरली होती. मी सुचवले की सूत्रसंचालन त्याने करावे. मला वाटले, त्याच्या ओळखीला मान मिळेल. त्याने ते केले, चांगले केले, आणि त्या दिवशीचे त्याचे फार्माकॉलॉजीचे ट्युटोरियल बुडाले. दुसऱ्या दिवशी मी कौतुक केले तेव्हा त्याने पहिल्यांदा ‘हो मॅडम’पेक्षा मोठे उत्तर दिले: “मॅडम, मला सिकलसेलवर बोलता येते. मला प्लीहा तपासता येत नाही.”

यापुढची भेट मी केबिनमध्ये न घेता क्लिनिकल वेळ संपल्यावर वॉर्डात घेतली, आणि त्याला एकच प्रश्न विचारला: या पोस्टिंगमध्ये तुला काय यायला हवे होते आणि काय आले नाही. त्याने खिशातून लॉगबुक काढले. त्यात त्याने पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. दुभाषी म्हणून बोलावले गेले त्या प्रत्येक दिवशी एक टिंब. पोस्टिंगच्या दिवसांपैकी निम्म्याहून अधिक दिवसांवर टिंब होते, मेडिसिनच नव्हे, स्त्रीरोग विभागातही. त्या दिवशी इतरांनी काय शिकले हे त्याने नंतर मित्रांच्या वह्यांतून उतरवले होते.

ओळखीच्या प्रश्नावर मेंटॉरने ‘संवेदनशील’ असावे असे आपण म्हणतो. इथे प्रश्न संवेदनेइतकाच तासांचाही होता. त्याची भाषा वॉर्डाच्या उपयोगी पडत होती आणि त्याची किंमत त्याच्या शिकण्याच्या वेळेतून वसूल होत होती. ज्या विद्यार्थ्याला फक्त मराठी येते त्याच्याकडून असा कर कोणी घेत नव्हते.

विभागप्रमुखांशी बोलून एक साधा नियम केला. जो विद्यार्थी हिस्टरीसाठी दुभाषी होईल, ती केस त्याची: तो आधी तपासेल, तोच मांडेल, शीटवर हिस्टरी घेणारा म्हणून त्याचे नाव जाईल. क्लिनिकच्या वेळेबाहेर दुभाषी हवा असेल तर विद्यार्थ्याला वर्गातून बोलवायचे नाही. रुग्णालयात याच भाषा बोलणारे वॉर्डबॉय आणि मावश्या आहेत, त्यांना विचारायचे, आणि त्या कामाची वेगळी नोंद ठेवायची. हा नियम करताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “एवढ्याशा गोष्टीला नियम कशाला?” प्रश्न रास्त होता. उत्तर असे की एवढ्याशा गोष्टी मागणाऱ्याला एवढ्याशा वाटतात, आणि नाही म्हणण्याची सोय दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नसते.

प्लीहेचे काम सोपे होते. हिवतापाचे, यकृताच्या आजाराचे, सिकलसेलचे रुग्ण आमच्याकडे कमी नाहीत. दोन आठवडे तो संध्याकाळी अर्धा तास येत असे, आणि तीन वाढलेल्या प्लीहा व एक न लागणारी, अशा चार पोटांवर रुग्णांच्या परवानगीने त्याचा हात बसला. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला की स्किल्स लॅबमध्ये त्याने शर्ट का वर केला नाही. त्याच्याही पोटावर डाम आहे. तान्हा असताना पोट फुगले म्हणून दिलेला. मी ‘तुमच्याकडे’ विचारले त्या क्षणी त्याचा हात आपोआप शर्टावर गेला होता. हा तो तपशील, जो त्याने राहू दे म्हणून सांगितले. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही, आणि आम्ही पुढच्या पलंगाकडे गेलो.

मी एक गोष्ट आधीच करायला हवी होती. मी त्याची मेंटॉर होते आणि त्याच्या अंतर्गत गुणांवर सहीही माझीच होती. ज्याच्या हातात आपले गुण आहेत त्याच्याकडे कोणी मन मोकळे करावे ही अपेक्षा भाबडी आहे. पुढच्या पोस्टिंगपासून त्याचे मूल्यमापन दुसऱ्या युनिटकडे देण्याची विनंती मी लेखी केली. तसेच, सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या आमच्याच एका माजी विद्यार्थ्याशी, जो स्वतः भिल्ल समाजातला आहे, त्याचा संपर्क जोडून दिला. मला वाटले होते की तिथे त्याला समदुःखी माणूस मिळेल. त्या डॉक्टरांनी पहिल्याच फोनवर त्याला सांगितले, की केस प्रेझेंटेशन इंग्रजीत भिंतीसमोर उभे राहून मोठ्याने वीस वेळा म्हण, आणि एकविसाव्यांदा मला फोनवर म्हणून दाखव. त्याने तसे केले. समाजाविषयी ते दोघे बोलले असतील तर ते मला माहीत नाही, आणि मी विचारलेही नाही.

तक्रारीचा प्रश्न

‘बडवा’ या नावाचे काय करायचे, हा भाग सर्वांत कठीण गेला आणि मी तो नीट हाताळला असे म्हणणार नाही.

खानदेशात हा विषय निघाला की एक नाव न घेताही सर्वांच्या मनात येते. मूळच्या जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी या मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना २२ मे २०१९ रोजी त्यांनी आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांविरुद्ध अॅट्रॉसिटी कायदा आणि १९९९ चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा यांखाली गुन्हा नोंदवला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्याआधी २००७ मध्ये सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचे अनुभव अहवालात मांडले होते, आणि त्यात वसतिगृहातल्या वेगळे पाडण्याबरोबरच शिक्षकांच्या वागण्याचाही मुद्दा होता. २०१६ च्या दुरुस्तीनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविषयक नियमांत जात, वंश, प्रादेशिक मूळ आणि भाषिक ओळख यांवरून केलेला मानसिक त्रास स्पष्टपणे समाविष्ट आहे. म्हणजे ‘मुले गंमत करतात’ हे उत्तर नियमात बसत नाही.

त्याला तक्रार नको होती. त्याचे म्हणणे असे की नावे दिली तर हॉस्टेलची अडीच वर्षे त्यालाच काढायची आहेत. मी त्याच्यावर दबाव आणला नाही. पण गप्प बसण्याचा अधिकार त्याचा होता, माझा नव्हता, कारण मला कळले होते आणि सुरुवात माझ्यापासून झाली होती. महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीच्या अध्यक्षांना मी लेखी कळवले, त्यात माझ्या प्रश्नाचा शब्दशः उल्लेख केला आणि विद्यार्थ्याचे नाव दिले नाही. हे त्याला आधी सांगितले. त्याने मान हलवली. ती संमती होती की थकवा, ते मी ठामपणे सांगू शकत नाही.

मग त्याच बारा जणांच्या गटासमोर मी म्हणाले, की त्या सकाळी मी विचारलेला प्रश्न चुकीचा होता, आणि रुग्णाच्या पोटावरची खूण मला वाचता आली नाही हे त्याहून चुकीचे होते. आणि डाम कशासाठी, कुठे, कोणत्या वयात दिला हे हिस्टरीत कसे विचारावे, हे शिकवले. मला वाटले मी मोठे धैर्य दाखवले. संध्याकाळी तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही बोलत होतात तेव्हा सगळे परत माझ्याकडेच बघत होते.” त्याचे बरोबर होते. जाहीर चूक जाहीरपणे मान्य करावी हा नियम मला पटतो, पण त्याला आधी विचारून, कदाचित तो दुसऱ्या पोस्टिंगला असताना, हे करता आले असते. समितीने पुढे संपूर्ण बॅचसाठी नियम वाचून दाखवणारी बैठक घेतली. टोपणनाव हळूहळू मागे पडले. बैठकीमुळे की पुढच्या परीक्षेत त्याच गटातल्या तिघांना सातपुड्याच्या रुग्णाची हिस्टरी त्याच्याकडून शिकून घ्यावी लागली म्हणून, हे मला वेगळे करता येत नाही.

होळी

हजेरीच्या नोंदीत एक मोठी फट फाल्गुनातली होती. दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामे होत असे तेव्हा तो तिथेच थांबत असे. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार सुरू झाले की तो गावी जाई आणि होळी झाल्यावर परते. सातपुड्यात होळी हाच वर्षाचा सण आहे. त्या वर्षी घरचा नवस होता, तो त्यालाच फेडायचा होता. रजेचा अर्ज त्याने दिला नव्हता, कारण अर्जात ‘कारण’ या रकान्यापुढे काय लिहायचे हे त्याला कळले नव्हते. ‘आजारी’ लिहिणे त्याला खोटे वाटले.

नियमात सवलत नव्हती आणि मी ती मागितली नाही. बुडालेले क्लिनिकल दिवस त्याने दिवाळीच्या सुट्टीत, वॉर्डात विद्यार्थी नसताना, रेसिडेंटबरोबर भरून काढले. असे भरून काढण्याची तरतूद विभागाच्या अधिकारात होती, आजवर ती कोणी मागितली नव्हती इतकेच. पुढच्या वर्षी त्याने अर्ज दिला. कारण : होळी. मी सही केली.

सध्याची स्थिती

दुसरे वर्ष तो पास झाला. मेडिसिनच्या परीक्षेत पुढे काय होईल ते तेव्हा कळेल. दुभाष्याचा नियम आमच्या युनिटमध्ये टिकला आहे. स्त्रीरोग विभागात प्रमुख बदलल्यावर तो बंद पडला आणि नव्या बॅचमधली एक भिल्ल विद्यार्थिनी पुन्हा प्रसूतिगृहाच्या दारात उभी असते, हे मला त्यानेच सांगितले. त्या विभागाला मी पत्र दिले आहे. मेंटींच्या यादीतला प्रवर्गाचा रकाना कार्यालयाने विनंतीनंतर काढला. मी पट्टी ठेवण्याऐवजी हे पहिल्याच वर्षी करायला हवे होते.

वॉर्डात सिस्टरांच्या टेबलावर आता एक दोनशे पानी वही असते. दुखणे कुठे, कधीपासून, रात्री वाढते का, मूल दूध पिते का, श्वास घ्या, सोडा, असे पन्नासेक प्रश्न तिच्यात मराठीत, अहिराणीत आणि पावरीत, देवनागरीत लिहिलेले आहेत. अहिराणीचा भाग मी लिहिला. इतक्या वर्षांनी लिहिताना दोन ठिकाणी अडले आणि सिस्टरांना विचारावे लागले. पावरीचा भाग त्याने लिहिला आणि पहिल्या पानावर आपले नाव घातले. मावचीसाठी पाने कोरी सोडली आहेत; नवापूरकडचा कोणी विद्यार्थी किंवा कर्मचारी मिळाला तर विचारायचे आहे, पण या वेळी आधी त्याला वेळ आहे का, ते विचारून.